एका शहरात सहा देशांची टपालघरे

१९१० साली इस्तंबूलच्या गलाता भागातल्या व्यापाऱ्याला पॅरिसला किंवा लंडनला पत्र धाडायचे असले, तर ते तुर्की पोस्टातच टाकले पाहिजे असे त्याच्यावर बंधन नव्हते. ऑस्ट्रिया, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि रशिया या सहा देशांची टपालघरे त्या शहरात उघडी होती. प्रत्येकाची पेटी वेगळी, तिकीट वेगळे आणि शिक्का वेगळा. थैली ज्या आगबोटीने जायची तीही बऱ्याचदा त्याच देशाच्या कंपनीची असे. सातवे टपालखाते सुलतानाचे. देश त्याचा असूनही परदेशी पत्रांच्या धंद्यात त्याला या सहांशी स्पर्धा करावी लागत होती.

या टपालघरांची तिकिटे आणि शिक्के गोळा करणे ही तिकीटसंग्रहाची एक जुनी, खोल आणि थोडी किचकट शाखा आहे. कॅटलॉगमध्ये हा भाग बहुधा ‘लेव्हंट’ या नावाखाली येतो. लेव्हंट म्हणजे भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा. पण संग्राहकाच्या लेव्हंटमध्ये काळ्या समुद्रावरचे त्रबझोन, एजियन समुद्रावरचे स्मर्ना (आजचे इझमीर) व सलोनिका, आणि आज लेबनॉन, इस्राएल, ग्रीस, अल्बानिया अशा देशांत विखुरलेली कितीतरी बंदरे येतात. बगदाद आणि बसरा ही त्याच साम्राज्यातली शहरे; तिथल्या परदेशी टपालाचा धागा तर मुंबईपर्यंत येतो.

परक्या देशात आपले सरकारी पोस्ट उघडायचे ही गोष्ट आज विचित्र वाटते. मुंबईच्या फोर्टात जनरल पोस्टाच्या शेजारी फ्रान्सचे आणि रशियाचे पोस्ट असावे आणि लोकांनी खुशाल तिथे पत्रे टाकावीत, असा तो प्रकार. त्याचे मूळ ‘कॅपिट्युलेशन्स’ या सवलतींत आहे. या शब्दाचा इथे शरणागतीशी संबंध नाही. ‘कॅपिट्युला’ म्हणजे कलमे, आणि कलमवार लिहिलेला करार तो कॅपिट्युलेशन. १५३६ च्या सुमारास सुलतान सुलेमान आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा यांच्यात अशा सवलतींची बोलणी झाली. पुढे इतर देशांनीही त्या मिळवल्या. परदेशी व्यापाऱ्याचा खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीसमोर चालावा, त्याच्यावर ठरावीक जकातीपलीकडे कर बसू नये, असे त्यांचे स्वरूप होते. सोळाव्या शतकात सुलतान बलाढ्य होता. परक्या व्यापाऱ्यांची भांडणे त्यांची त्यांनी मिटवावीत हे त्याच्याही सोयीचे होते. एकोणिसाव्या शतकात पारडे फिरले आणि त्याच कलमांचा फास झाला.

टपालाचा उल्लेख यांतल्या बहुतेक करारांत नव्हताच. आधी वकिलातीची कागदपत्रे नेणारे जासूद आले. मग त्यांच्या थैलीत व्यापाऱ्यांची पत्रे जाऊ लागली, आणि एक दिवस वकिलातीच्या आवारात खिडकी उघडली. वहिवाटीचा हक्क कसा तयार होतो, याचे हे चांगले उदाहरण. १७१८ च्या पासारोवित्सच्या तहानंतर ऑस्ट्रियाने व्हिएन्ना ते इस्तंबूल अशी जासुदी सुरू केली. १७७४ च्या तहानंतर रशिया आला, १८१२ मध्ये फ्रान्स, १८३२ मध्ये ब्रिटन, आणि १८७० मध्ये जर्मनी. ग्रीसची टपालघरेही काही काळ चालली. सुलतानाचाच मांडलिक असलेल्या इजिप्तनेही इस्तंबूल, स्मर्ना, बैरूत, जेद्दा अशा ठिकाणी आपली तिकिटे चालवली. ती टपालघरे १८८१ पर्यंत बंद झाली.

हे सारे फोफावले ते आगबोटीमुळे. त्रिएस्त बंदरातून ‘ऑस्ट्रियन लॉइड’, मार्सेयहून ‘मेसाजरी’ आणि ओडेसाहून १८५६ साली स्थापन झालेली रशियन आगबोट व व्यापार कंपनी या तीन कंपन्यांनी पूर्व भूमध्य आणि काळा समुद्र विणून काढला. बंदरात कंपनीचा एजंट असे. तोच तिकिटे विकी, पत्रे घेई आणि शिक्का मारी. तुर्की टपालखाते १८४० मध्ये स्थापन झाले, त्याचे पहिले तिकीट १८६३ चे. चंद्रकोरीवर सुलतान अब्दुलअझीझची ‘तुघरा’, म्हणजे वळणदार शाही सही, असे ते देखणे तिकीट आहे. पण तोवर किनारपट्टीवरच्या व्यापाऱ्यांना परदेशी खिडकीची सवय जडली होती. ग्रीक, आर्मेनियन, ज्यू आणि युरोपीय पेढ्यांची हुंडी किंवा मालाची बिलटी वेळेवर आणि न फुटता पोचली पाहिजे असे, आणि ती हमी त्यांना मार्सेयच्या बोटीत दिसे.

या शाखेत तिकिटापेक्षा शिक्क्याला मान का, हे ब्रिटिश टपालघरांवरून चटकन कळते. क्रिमियन युद्धाच्या वेळी, १८५४ मध्ये, इस्तंबूलला ब्रिटिश लष्करी टपाल आले आणि १८५७ मध्ये सर्वसामान्यांसाठी ब्रिटिश पोस्ट सुरू झाले. तिथे विकली जाणारी तिकिटे लंडनमध्ये विकली जाणारीच होती: तेच व्हिक्टोरिया राणीचे मस्तक, तोच रंग, तीच छपाई. तिकिटावर इस्तंबूलचे नावनिशाण नाही. ओळख एकच: आडव्या रेघांच्या लंबगोलात मधोमध ‘सी’ हे अक्षर, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, इस्तंबूलचे जुने नाव. १८७२ मध्ये स्मर्नाचे पोस्ट उघडले. त्याचा शिक्का ‘एफ ८७’. पुढच्या वर्षी बैरूतचे, त्याचा ‘जी ०६’. १८८४ मध्ये जुन्या इस्तंबूल भागात उपकार्यालय आले, त्याला नुसते ‘एस’. अलेक्झांड्रियाला ‘बी ०१’ आणि सुएझला ‘बी ०२’ होते. मुंबईहून विलायतेला जाणारी डाक याच वाटेने जात असे. लंडनच्या शिक्क्याचे एक पेनीचे लाल तिकीट जुन्या बाजारात किरकोळ भावात मिळते. त्याच तिकिटावर ‘जी ०६’ स्वच्छ उमटलेला असला तर त्याची गोष्टच वेगळी. गिबन्स या ब्रिटिश तिकीट-कंपनीच्या कॅटलॉगमध्ये अशा ‘परदेशी वापरलेल्या’ तिकिटांना ‘झेड’ने सुरू होणारे स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत.

फ्रेंचांचीही पद्धत हीच, फक्त आकड्यांची. ठिपक्यांनी बनलेल्या चौकोनात मोठा आकडा असे: ५०८३ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, ५०९८ म्हणजे स्मर्ना. नेपोलियन तिसऱ्याच्या तिकिटावर यांपैकी आकडा दिसला की पत्र फ्रान्समध्ये टाकलेले नाही हे पक्के. ऑस्ट्रियाची कथा जरा गमतीची आहे. लॉइडच्या एजंटांची कामाची भाषा इटालियन होती, कारण त्रिएस्त इटालियन बोलणारे शहर. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या तिकिटावर ‘कोस्तान्तिनोपोली’, ‘स्मिर्ने’, ‘जेरुसालेम्मे’ असे इटालियन शिक्के पडत. नाणेही व्हिएन्नाचे नव्हते. उत्तर इटलीतल्या लोंबार्दी-व्हेनेशिया प्रांतासाठी ‘सोल्दी’ या नाण्यात छापलेली तिकिटे १८६३ पासून लेव्हंटमध्ये चालत. १८६६ च्या युद्धात व्हेनेशिया हातचा गेला; ऑस्ट्रियाच्या घरात सोल्दी उरला नाही. तरीही १८६७ मध्ये सोल्दीतली नवी तिकिटे छापली गेली, ती फक्त लेव्हंटसाठी. हरवलेल्या प्रांताचे नाणे तुर्कस्तानातल्या तिकिटांवर जवळजवळ वीस वर्षे जिवंत राहिले.

रशियाने मात्र सुरुवातीलाच वेगळे तिकीट काढले: १८६३ चे सहा कोपेकचे निळे, आकाराने चांगलेच मोठे. पुढची तिकिटे आगबोट कंपनीने स्वतः काढली. नावाच्या आद्याक्षरांवरून संग्राहक या कंपनीला ‘रोपित’ म्हणतात. रशियन शिक्का वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रशियात जुने ज्युलियन कॅलेंडर चालू होते. एकोणिसाव्या शतकात ते युरोपच्या कॅलेंडरपेक्षा १२ दिवस मागे, विसाव्या शतकात १३ दिवस. त्यामुळे एकाच दिवशी एकाच गल्लीतल्या रशियन आणि फ्रेंच खिडकीत टाकलेल्या दोन पत्रांच्या तारखा बारा-तेरा दिवसांनी वेगळ्या निघतात. तुर्की पोस्टाचा हिशेब तर हिजरीशी नाते सांगणाऱ्या तिसऱ्याच कॅलेंडरचा. नवा संग्राहक पहिल्यांदा इथेच चकतो: पत्र निघण्याआधीच पोचले असे दिसते आणि तो शिक्का खोटा ठरवून मोकळा होतो.

१८८० च्या दशकात तिकिटांवर नवी छपाई दिसू लागली. तुर्कस्तानचे नाणे कुरुश. युरोपीय त्याला पियास्टर म्हणत. एका पियास्टरचे ४० पारा. परदेशी खिडकीवर गिऱ्हाईक पैसे देई ते बहुधा या नाण्यात, आणि तिकीट असे पेनीचे किंवा फेनिगचे. स्थानिक नाण्याचा भाव पडला की हुशार लोक त्या नाण्यात इंग्लंडची तिकिटे विकत घेत आणि लंडनला पाठवून पुऱ्या किमतीला विकत. टपालखात्याला हा सरळ तोटा होता. तोड म्हणून तिकिटावरच स्थानिक किंमत छापायची ठरली. जर्मनीने १८८४ मध्ये सुरुवात केली. ब्रिटनने १ ऑगस्ट १८८५ ला तीन तिकिटे आणली: अडीच पेनीवर ४० पारा, पाच पेनीवर ८० पारा आणि अडीच शिलिंगवर १२ पियास्टर. फ्रान्सही त्याच वर्षी या वाटेने गेला, ऑस्ट्रिया पाठोपाठ.

या ओव्हरप्रिंटांकडे नुसत्या काळ्या अक्षरांची भर म्हणून पाहू नये. त्यांत नाण्याचा इतिहास छापलेला आहे. १८८५ मध्ये अडीच पेनी म्हणजे एक पियास्टर. १९२१ मध्ये, महायुद्धानंतर, ब्रिटिश पोस्टाने पुन्हा किमती छापल्या तेव्हा अडीच पेनीच्या तिकिटावर आकडा आला ३¾ पियास्टर. अडीच शिलिंगच्या तिकिटावर पूर्वी १२ होते, आता ४५. दोन्हींचे गुणोत्तर तेच: पियास्टर पावणेचार पटींनी स्वस्त झाला होता. त्या संचातले आकडे पाहताना मराठी वाचकाला घरच्यासारखे वाटेल, कारण ते दीड, पावणेचार, साडेचार, साडेसात, पंधरा आणि पावणेएकोणीस असे चढत जातात. एवढे अपूर्णांक तिकिटावर छापायची वेळ येते तेव्हा नाण्याची काय गत झाली असेल ते वेगळे सांगायला नको.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले एक पान संग्राहक हौसेने मांडतात. आंतरराष्ट्रीय टपाल संघाने परदेशी पत्राचा दर २५ सेंतीम धरला होता आणि १८९७ च्या वॉशिंग्टन अधिवेशनात त्या तिकिटाचा रंग निळा ठरवला होता. लेव्हंटमध्ये २५ सेंतीम म्हणजे एक पियास्टर. म्हणून ब्रिटनचे अडीच पेनीचे, जर्मनीचे २० फेनिगचे, फ्रान्सचे आणि इटलीचे २५ सेंतीमचे, ऑस्ट्रियाचे २५ हेलरचे आणि रशियाचे १० कोपेकचे अशी सहा तिकिटे शेजारी लावली की सहाही निळी दिसतात आणि सहांची किंमत एक पियास्टरच असते. कुणावर एडवर्ड राजा, कुणावर चिलखत घातलेली जर्मानिया, कुणावर दुतोंडी गरुड. माल एक, भाव एक, दुकाने सहा.

मग गिऱ्हाईक दुकान कसे निवडे? बोट कुणाची आधी सुटते यावरून, नात्यागोत्यावरून, आणि आणखी एका कारणावरून ज्याची सुलतानाला फार धास्ती होती. अब्दुलहमीद दुसरा १८७६ मध्ये गादीवर आला आणि त्याने सेन्सॉर व हेर यांचे दाट जाळे विणले. परदेशी टपालाच्या थैल्यांना मात्र त्याचे अधिकारी हात लावू शकत नव्हते. पॅरिसमध्ये हद्दपारीत असलेल्या अहमद रिझा याने १८९५ मध्ये ‘मेश्वेरेत’ हे पत्र काढले. ‘तरुण तुर्क’ या सुलतानविरोधी गटाची अशी वर्तमानपत्रे साम्राज्यात यायची ती याच परदेशी टपालघरांतून. तुर्कस्तानची राज्यक्रांती फ्रान्सच्या थैलीतून आली असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

तुर्की सरकारने हात टेकले नव्हते. १८७४ मध्ये बर्न येथे टपाल संघ स्थापन झाला तेव्हा तुर्कस्तान संस्थापकांत होता. आम्ही आता सुसंस्कृत टपाल चालवतो, तेव्हा तुमची टपालघरे बंद करा, असा त्याचा युक्तिवाद. तो दर वेळी फेटाळला गेला. मे १९०१ मध्ये तुर्की अधिकाऱ्यांनी परदेशी टपालाच्या थैल्याच अडवून ताब्यात घेतल्या. वकिलातींनी एकमुखाने आरडाओरडा केला आणि काही दिवसांत थैल्या परत कराव्या लागल्या. १९०८ मध्ये इटलीने नवी टपालघरे उघडायची परवानगी मागितली. सुलतानाने नकार देताच आरमार हलवण्याची धमकी आली आणि नकाराचा होकार झाला. एकट्या रुमानियाला मात्र तुर्कस्तानने झिडकारले. १८९६ मध्ये तिने उघडलेले टपालघर थोड्याच अवधीत बंद पाडले गेले. रुमानियाकडे धमकी देण्याजोगे आरमार नव्हते.

जबरदस्ती जमेना तेव्हा तुर्की खात्याने दुकानदारी केली. १९०५ च्या सुमारास परदेशी टपालासाठीच्या तुर्की तिकिटांवर ‘बे’ हे अरबी अक्षर छापले जाऊ लागले. सवलतीची ही खूण. व्यापाऱ्यांना ही तिकिटे छापील किमतीपेक्षा स्वस्त मिळत. आपल्याच देशात परदेशी दुकानांशी टक्कर घ्यायला सरकारने घाऊक सूट द्यावी, आणि त्याची कबुली तिकिटावर छापावी! हे ‘बे’ असलेले तिकीट महाग नाही. लेव्हंटचा संग्रह करणारे अनेक जण तुर्की तिकिटांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, ती चूक आहे; या झगड्याची दुसरी बाजू तिथेच सापडते.

आता मुंबईचा धागा. बगदाद आणि बसरा या तुर्की शहरांत १८६८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची टपालघरे उघडली. तिकिटे लंडनची नव्हे, हिंदुस्थानची: व्हिक्टोरिया राणीचा अर्धा आणा, एक आणा, दोन आणे. ही टपालघरे सुरुवातीला मुंबई सर्कलच्या अखत्यारीत होती. १८६२ पासून मुंबईहून इराणच्या आखातातून बसऱ्यापर्यंत सरकारी कंत्राटावर डाकबोट जाऊ लागली होती. बसऱ्यापासून तैग्रिस नदीतून लिंच बंधूंच्या आगबोटी बगदाद गाठत. या वाटेवर पत्रव्यवहाराला तोटा नव्हता. बसऱ्याहून मुंबईला अरबी घोडे येत, खजूर येई, आणि आखातातले मोती येत. नथीतल्या मोत्यांना आजही ‘बसरा मोती’ म्हणतात ते या व्यापारामुळे. १८३० च्या दशकात बगदादहून मुंबईत आलेले डेव्हिड ससून आणि त्यांच्यामागून आलेली बगदादी ज्यू कुटुंबे यांची नाती दोन्ही शहरांत पसरलेली होती. मुंबईच्या पेढीचा माल आणि बगदादच्या घरची खुशाली एकाच थैलीतून जात असे.

महाराष्ट्रातल्या संग्राहकाला लेव्हंटच्या वाटेवर पहिले पाऊल टाकायला हा भाग सर्वांत सोयीचा. कारण अर्ध्या आण्याची निळी तिकिटे आपल्याकडे जुन्या अल्बमांत आणि लग्नातल्या आहेराच्या पेट्यांत ढिगाने सापडत आली आहेत. त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही, कारण तिकीट सामान्य. पण शिक्का भिंगाखाली धरला आणि गोलाच्या कडेने ‘बगदाद’ची अक्षरे लागली, तर ते तिकीट हिंदुस्थानात वापरलेलेच नाही. बसऱ्याच्या नावाचे स्पेलिंग तर काळानुसार बदलत गेले: कधी ‘बुसोरा’, कधी ‘बुस्रे’, पुढे ‘बसरा’. अर्धवट उमटलेला शिक्का असला की त्यातल्या तीन अक्षरांवरून गाव ओळखणे हाच या छंदातला खरा आनंद, आणि खरे तर वेळखाऊ व्यसनही.

ही हिंदी टपालघरे इतरांबरोबरच बंद झाली. युरोपात महायुद्ध पेटल्यावर तुर्कस्तानने संधी साधली आणि ९ सप्टेंबर १९१४ ला कॅपिट्युलेशन्स रद्द केल्याचे जाहीर केले. १ ऑक्टोबरपासून परदेशी टपालघरे बंद. त्या वेळी तुर्कस्तान अजून युद्धात उतरलेला नव्हता. जर्मनीशी त्याचा गुप्त करार झालेला होता, पण जर्मन आणि ऑस्ट्रियन टपालघरांनाही कुलूप लागले. मित्रालाही या कामी सूट नव्हती. या प्रसंगी तुर्की टपालाने सवलती रद्द झाल्याचा मजकूर छापून तिकिटे काढली.

पुढची चार वर्षे मेसोपोटेमियात हिंदी फौजा लढल्या. मराठा पलटणींचे जवानही त्यांत होते. हिंदी तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’, म्हणजे हिंदी मोहिमी फौज, अशी अक्षरे छापून ती रणांगणावर वापरली गेली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले आणि त्याच वर्षी सापडलेल्या तुर्की तिकिटांवर ‘बगदाद ब्रिटिश ताब्यात’ अशा अर्थाचे ओव्हरप्रिंट करून ती चालवली गेली. ही तिकिटे थोडी छापली गेली, पण त्यांची बनावट मात्र भरपूर झाली.

१९१८ च्या तहकुबीनंतर विजेत्यांनी इस्तंबूल व्यापले आणि ब्रिटिश, फ्रेंच, इटालियन टपालघरे पुन्हा उघडली. नव्याने जन्मलेल्या पोलंडनेही १९१९ मध्ये आपल्या तिकिटांवर ‘लेव्हंट’ छापले. १९२० मध्ये बोल्शेविकांकडून हरलेली सेनापती व्रांगेलची रशियन फौज क्रिमियातून कुटुंबकबिल्यासह इस्तंबूलला उतरली, तेव्हा निर्वासित छावण्यांसाठी जुन्या रशियन तिकिटांवर हजारोंच्या आकड्यांची ओव्हरप्रिंटे झाली. त्यांतली काही खऱ्या पत्रांवर लागली. बहुतेक मात्र संग्राहकांच्या खिशावर नजर ठेवून छापलेली होती. आजही हा सगळ्यात निसरडा भाग समजला जातो. अखेर २४ जुलै १९२३ च्या लोझानच्या तहात परदेशी टपालघरे बंद झाल्याचे एका स्वतंत्र कलमात (कलम ११३) सर्व पक्षांनी मान्य केले आणि त्याच वर्षी त्यांची दारे कायमची मिटली.

संग्रह कसा लावावा यावर संग्राहकांत दोन तट आहेत. एक देशवार लावतो: आधी ऑस्ट्रिया, मग फ्रान्स. कॅटलॉगांची रचना तशीच असल्याने ते सोपे. दुसरा शहरवार लावतो, आणि त्याचे पान जास्त बोलते. जेरुसलेमचे पान घ्या. ऑस्ट्रियन टपाल तिथे १८५० च्या दशकात आले. १८९८ मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म यात्रेला आला, त्या सुमारास जाफ्याला जर्मन पोस्ट उघडले. १९०० मध्ये जेरुसलेमला जर्मन आणि फ्रेंच, पुढे रशियन आणि इटालियन. रशियन खिडकीवर गर्दी असे ती ऑर्थोडॉक्स यात्रेकरूंची. अशा पानावर एकाच पवित्र गावाचे नाव चार-पाच भाषांत येते आणि त्या प्रत्येक नावामागे एकेका देशाचा त्या गावावरचा डोळा दिसतो. इटलीने १९०९ मध्ये तर तिकिटांवरच ‘जेरुसालेम्मे’, ‘स्मिर्ने’, ‘सालोनिक्को’, ‘व्हालोना’, ‘दुराझ्झो’ अशी गावांची नावे छापली. रशियाने त्याच सुमारास त्रबझोन, रिझे, माउंट आथोस अशी बाराएक नावे छापली. टपालाला त्याची गरज नव्हती. विक्रीला होती, आणि मिरवायलाही.

गोळा करताना शक्य तो पूर्ण पाकीट घ्यावे, ते न मिळाल्यास पाकिटाचा तुकडा, आणि सुटे तिकीट शेवटी. पाकिटावर पत्ता, दर, जाण्याचा आणि पोचल्याचा असे दोन्ही शिक्के असतात. ते एकमेकांची साक्ष काढतात. जुनी पाकिटे पाण्यात भिजवून तिकिटे सोडवायची लहानपणीची सवय इथे घातक ठरते.

खोट्या मालाचे प्रमाण या शाखेत मोठे आहे, कारण खोटे करणे सोपे आहे. तिकीट खरे आणि स्वस्त. फक्त ओव्हरप्रिंट किंवा शिक्का बनवला की झाले. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा फूर्निए (१८४६–१९१७) याने तर नकली तिकिटे, ओव्हरप्रिंटे आणि शिक्के यांचा उघड व्यापार मांडला होता, छापील यादीसकट. क्रीट बेटावर १८९८–९९ मध्ये ब्रिटिशांनी हेराक्लिऑनला आणि रशियनांनी रेथिम्नोला काढलेली ओबडधोबड तिकिटे तर खऱ्यापेक्षा खोटीच जास्त भेटतात.

यातून निभायला उपकरणांपेक्षा तारखा उपयोगी पडतात. ‘एफ ८७’ खाली १८७२ च्या आधीची तारीख असेल तर पुढे पाहायचे कारण नाही. जुलै १९०६ मध्ये बैरूतच्या ब्रिटिश पोस्टातली एक पियास्टरची तिकिटे संपली. २ जुलैला दोन पेनीच्या तिकिटावर स्थानिक छापखान्यात ‘१ पियास्टर’ छापून वेळ भागवली गेली. हे तिकीट मौल्यवान आहे, म्हणून नकलाही भरपूर. बनावट करणारा दोन पेनीचे जुने वापरलेले तिकीट घेतो आणि त्यावर अक्षरे छापतो. मग शिक्का असतो मे महिन्याचा, किंवा गाव असते लिव्हरपूल. दुसरी कसोटी भिंगाखालची. खऱ्या तिकिटावर आधी ओव्हरप्रिंट पडते आणि मग शिक्का, म्हणून जिथे दोन्ही एकमेकांना छेदतात तिथे शिक्क्याची शाई वर असायला हवी. ती खाली दिसली, की तिकीट चिमट्याने उचलून विक्रेत्याला परत करावे. तिकीट याही कसोटीला उतरले आणि किंमत मात्र मोठी असली, तर पैसे देण्याआधी तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र मागावे. प्रामाणिक विक्रेत्याला त्यात अपमान वाटत नाही.